आकड्यांचा दगड : माणगाव ते वेसवी, भर पावसात

कारगिल विजय दिवसाला गावी ये, असं आप्पाकाका दर वर्षी सांगायचे आणि मी दर वर्षी पावसाचं कारण द्यायचे. जुलैअखेरीला कोकणात कशाला जायचं? मासे नाहीत, समुद्रावर उभं राहता येत नाही, रस्त्यांचे हाल. यंदा २६ जुलै शनिवारी आला आणि चुलतभावाने गाडी काढायची तयारी दाखवली, तेव्हा कारणं संपली. आप्पाकाका म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ. मराठा लाइट इन्फंट्रीतून हवालदार होऊन पेन्शनवर आले. कळव्याला राहतात, पण त्यांचा निम्मा जीव दापोली तालुक्यातल्या आमच्या गावात अडकलेला असतो. गावाचं नाव इथे लिहीत नाही. लोकांच्या घरातल्या गोष्टी आहेत, आणि त्यांना न विचारता लिहिते आहे.

गुरुवार : ठाणे, माणगाव, महाड

मुंबई–गोवा महामार्गाबद्दल काही लिहीत नाही. ज्यांनी तो केलाय त्यांना सांगायला नको, आणि ज्यांनी केला नाही त्यांना पटणार नाही.

माणगावात काकांनी गाडी थेट तहसील कार्यालयाकडे घ्यायला लावली. आवारात नाईक यशवंत घाडगे यांचा पुतळा आहे. मी या रस्त्याने लहानपणापासून जातेय, पण बाजारातल्या गर्दीतून सुटायच्या घाईत आत वळून कधी पाहिलं नव्हतं. काका छत्री न घेता उतरले. टाच जुळवून सॅल्यूट केला आणि मग तिथेच, पागोळ्यांखाली उभ्या असलेल्या चार अनोळखी माणसांनाही ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी गोष्ट सांगितली.

घाडगे माणगाव तालुक्यातल्याच पळसगावचे. दुसऱ्या महायुद्धात पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या बटालियनमध्ये होते. १० जुलै १९४४, इटलीतलं टायबर नदीचं वरचं खोरं. त्यांच्या सेक्शनवर अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला आणि एकटे घाडगे सोडून सगळे पडले, कोणी मेले, कोणी जखमी. ते तसेच गनवर धावून गेले. ग्रेनेड टाकून गन आणि ती चालवणारा दोन्ही गारद केले, आणखी एकाला गोळी घातली. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता, तेव्हा आपली बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना तिच्याच दस्त्याने लोळवलं. मग कुठूनतरी स्नायपरची गोळी लागली. वय बावीस. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, इंग्रजांचं सर्वांत मोठं शौर्यपदक.

"थडगं नाही हं त्यांचं," काका म्हणाले. "इटलीतल्या कॅसिनो गावच्या स्मारकावर नाव आहे फक्त." त्याच इटलीत मोंतोने गावात २०२३ मध्ये त्यांच्या नावाचं सूर्यघड्याळ उभारलंय, हे मी फोनवर वाचून दाखवलं. काकांना ते आवडलं, पण सूर्यघड्याळाचा विचार करायला तो दिवस अजिबात योग्य नव्हता. समोरचा माणूस दिसत नव्हता.

ऐकणाऱ्यांतला एकजण सातबाऱ्याच्या कामाला आला होता. जाताना तो काकांच्या पाया पडला. काका इतके गोंधळले की त्यांनी त्याला "जय हिंद, जय हिंद" म्हणत दोन्ही हातांनी उठवलं.

पुतळा बाहेरूनही दिसतो, त्यामुळे कचेरीच्या वेळा पाळायची गरज नाही. गाडी मात्र आवारात घालू नका, बाजूला लावून चालत या.

दुसऱ्या दिवसापासून श्रावण लागणार होता. त्यामुळे महाडच्या खानावळीत जत्रेसारखी गर्दी, आणि सगळ्यांच्या ताटात कोंबडी. आम्हीही हात धुऊन घेतला : वडे, कोंबडीचा रस्सा, बाजूला सुका जवळा. गल्ल्यावरचा माणूस हिशेब करता करता दर थोड्या वेळाने फोनवर कोणाला तरी "पाणी कुठवर आलंय?" विचारत होता. २०२१ च्या पुरानंतर महाडात जुलै असाच जातो. सावित्रीचं पाणी वाढलं की सामान माडीवर चढवायला सुरुवात होते. पावसाळ्यात महाडला मुक्काम करायचा असेल तर वरचा मजला मागून घ्या आणि गाडी उंचावर लावा.

शुक्रवार : आंबडवे, दापोली

आधी एक सूचना. महाड तालुक्यात फौजी आंबवडे आहे, घराघरातून माणूस सैन्यात जातो म्हणून तसं नाव पडलेलं गाव. आणि मंडणगड तालुक्यात आंबडवे आहे, बाबासाहेबांचं मूळ गाव. फोनवरचा नकाशा या दोन्हींची बेमालूम अदलाबदल करतो. तालुक्याचं नाव टाकल्याशिवाय शोधू नका.

आम्हाला मंडणगडच्या आंबडव्याला जायचं होतं. घाटात ढग रस्त्यावरच बसले होते. दोन्ही बाजूंना लावणी चाललेली. बायका गुडघाभर चिखलात, डोक्यावर निळ्या-पिवळ्या प्लास्टिकच्या खोळी. इरलं एकही दिसलं नाही.

आंबडव्याच्या स्मारकात आमच्याखेरीज फक्त एक कुटुंब होतं, नांदेडहून आलेलं. त्यांतल्या आजी भिंतीला टेकून बसल्या होत्या. कोकणचा पाऊस त्यांनी पहिल्यांदा पाहिला होता. "हे रोज असंच का हो?" त्यांनी विचारलं. हो म्हटल्यावर त्या बराच वेळ हसल्या.

बाबासाहेबांचे आजोबा मालोजी सैन्यात होते, वडील रामजी सुभेदार. पेन्शन घेतल्यावर रामजी कुटुंब घेऊन दापोलीला आले, कारण तेव्हाची दापोली ही पेन्शनरांचीच वस्ती होती. जुनी माणसं अजून 'कॅम्प दापोली' म्हणतात. रावढळचे गोपाळबाबा वलंगकर, तेही निवृत्त हवालदार, दापोलीतच राहायचे. इंग्रजांनी १८९० च्या दशकात महारांची भरती बंद केली तेव्हा त्याविरुद्ध अर्ज लिहिणारे ते. ज्यांच्या आजा-पणज्यांनी पलटणीत जीव दिला त्यांना आता भरतीलाच उभं करत नाहीत, ही त्यांची तक्रार. पुढे पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी केली, आणि युद्ध संपल्यावर १९२१ मध्ये मोडली. आजची महार रेजिमेंट १९४१ ची.

हे सगळं मला पुस्तकातून माहीत होतं. पण ते ऐकताना काका जरा गप्प झाले. म्हणाले, "उद्या गुरुजींची वही बघ तू."

दापोलीत पोहोचेपर्यंत अंधारलं होतं. मुक्कामाच्या घरी मावशींनी फोडशीची भाजी, तांदळाची भाकरी आणि कुळथाचं पिठलं वाढलं. फोडशी पावसाच्या सुरुवातीचे काही आठवडेच मिळते. कोवळी पात, कांद्याच्या पातीसारखी दिसते, पण चव स्वतःची. मी दोनदा मागून घेतली. भावाने श्रावण पाळायचा नाही असं ठरवलं होतं, पण मावशींच्या घरात त्याचं मत कोणी विचारलं नाही.

शनिवार : गाव

सकाळी आठला निघालो. गावच्या फाट्यावरच शाळेची प्रभातफेरी भेटली. पोरं चिंब, झेंडे ओले होऊन काठीला चिकटलेले, पण "वीर जवान, अमर रहे"चा आवाज पार वरच्या वाडीपर्यंत जात असणार. लावणी दहापर्यंत बंद ठेवायची, असं गावाने ठरवलं होतं. शेतकऱ्याच्या दृष्टीने जुलैतले दोन तास म्हणजे काय, ते ज्याने भात लावलाय त्यालाच कळेल.

ग्रामदेवतेच्या देवळापुढे सहाण, म्हणजे पालखी ठेवायचा चौथरा आहे, तिच्या डाव्या अंगाला तो दगड. इंग्रजांनी पहिल्या महायुद्धानंतर जिथून माणसं गेली अशा कितीतरी गावांत ही संगमरवरी पाटी लावली. मजकूर सगळीकडे साधारण सारखाच : या गावातून १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात इतके गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. दोन आकडे. नाव एकही नाही. लहानपणी आम्ही त्या दगडामागे लपाछपी खेळायचो.

आता त्याच्या शेजारी काळ्या दगडाची नवी पाटी आहे आणि तिच्यावर नावं आहेत. ही गुरुजींची करामत. गुरुजी शाळेतून निवृत्त झाले आणि या आकड्यामागे लागले. गावातल्या म्हाताऱ्यांना विचारून नावं जमवली, तर दगडावरच्या आकड्याला दोन कमी पडायची. कोणाला काही सांगता येईना. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या (CWGC) संकेतस्थळावर शोध घेता येतो, हे त्यांना नातवाने दाखवलं. तिथे बऱ्याच नोंदींत बापाचं नाव, गाव, तालुका, जिल्हा असं लिहिलेलं असतं, फक्त इंग्रजी लिहिणाऱ्या कारकुनाला जसं ऐकू आलं तसं. आमच्या गावाचं नाव गुरुजींना तिथे चार वेगवेगळ्या रूपांत सापडलं.

हरवलेले दोघे बौद्धवाडीतले निघाले. एक पलटणीतला, दुसरा मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, हमालांच्या पथकात गेलेला. दगडाने त्यांना मोजलं होतं. आठवणीने मोजलं नव्हतं. आणि खरी गंमत पुढेच : गुरुजी वही घेऊन बौद्धवाडीत गेले, तर तिथल्या आजोबांनी दोन्ही नावं न अडखळता सांगितली. त्यांना आजवर कोणी विचारायलाच आलं नव्हतं. वाडीतली माणसं दर १ जानेवारीला भीमा कोरेगावच्या स्तंभाला जातात, तिथली 'नाक' लावलेली महार शिपायांची नावं वाचतात. आपल्या घरातली नावं त्यांच्या तोंडून जातील कशी?

गुरुजींनी वही माझ्या हातात दिली. दोनशे पानी, खाकी कव्हर घातलेली. शाळेच्या हजेरीसारख्या रेघा मारून रकाने पाडलेत : नाव, वाडी, पलटण, कुठे गेला, घरात आता कोण. कुठे कुठे रकान्यात 'बसरा' एवढंच. मराठा पलटणी तिकडेच जास्त गेल्या. १०३, ११० आणि ११७ वी मराठा तर तिथल्याच कुत शहराच्या वेढ्यात होती. डिसेंबर १९१५ ते एप्रिल १९१६, घोडे खाऊन दिवस काढले आणि शेवटी शरणागती. बसऱ्याच्या मोठ्या स्मारकावरसुद्धा साध्या हिंदी शिपायांची नावं कोरली नव्हती, पलटणीगणिक नुसती संख्या होती. म्हणजे आमच्या सहाणेवर जे झालं तेच तिकडेही. दिल्लीतलं राष्ट्रीय युद्ध स्मारक स्वातंत्र्यानंतरच्या जवानांचं, तिथे यांना जागा नाही. ज्याचं त्याचं गावच उरतं.

कार्यक्रम ताडपत्रीखाली सुरू झाला. माजी सैनिक मेडलं लावून एका रांगेत, काका गडद हिरव्या बॅरेत. समोरच्या खुर्च्यांवर वीरमाता आणि वीरपत्नी. कारगिल दिवस म्हणायचा, पण गावचं कोणी कारगिलला गेलं नाही. नव्या पाटीवरची अलीकडची नावं १९६५ ची आहेत, श्रीलंकेतली आहेत, एक सियाचीनचं. सगळ्यांसाठी मिळून एक दिवस हवा होता, तर जो सगळ्या देशाला माहीत आहे तो घेतला. माझ्या मते उत्तम केलं.

बिगुल वाजवणारा कोणी नाही. 'लास्ट पोस्ट' मोबाइलवरून स्पीकरला जोडून लावली. मध्येच कोणाचा तरी फोन आला आणि रिंगटोन सगळ्या गावाला ऐकू गेली. मग पुन्हा पहिल्यापासून. कोणीही हसलं नाही, पोरंसुद्धा.

मग नावं. ती एकेक वाडीतलं पोर वाचतं, आपल्याच वाडीचं नाव असलं पाहिजे असं नाही. बौद्धवाडीतल्या मुलीने मराठवाडीतलं वाचलं, भंडारवाडीतल्या मुलाने बौद्धवाडीतलं. ही पद्धतही गुरुजींचीच. प्रत्येक नावानंतर सगळे मिळून "हजर" म्हणतात. अंगावर काटा वगैरे शब्द मी टाळते, पण आला.

त्यानंतर तालुक्याच्या पुढाऱ्यांची भाषणं. त्यांबद्दल एवढंच की पाऊस वाढला आणि त्याने ती आटोपती घेतली.

सत्काराला शाल-श्रीफळ होतं. पहिलं नाव ज्यांचं, त्या आजींचा मुलगा श्रीलंकेत गेला. शांतिसेनेत होता. शाल पुढे केली तर आजींनी हात मागे घेतला. "दर वरसाला शाल. माझ्या पेटीत जागा नाय रं आता. पावसात बोलावता, छत्री देवा." सरपंचबाई क्षणभर थांबल्या, मग मुंबई मंडळाने वाटायला आणलेल्या छत्र्यांतली एक आजींच्या हातात दिली. आजींनी तिथल्या तिथे ती उघडून पाहिली, काड्या तपासल्या. मग फोटो काढू दिला.

नंतर पंगतीत त्या माझ्या शेजारी बसल्या. वालाचं बिरडं, टाकळ्याची भाजी, वरणभात, आठळ्या घातलेली आमटी. "जेव गो बाय, शहरातली पोरां जेवत नायत." मुलाबद्दल मी विचारलं नाही. त्यांनीच सांगितलं, त्याला आठळ्या आवडायच्या नाहीत, हळूच ताटाखाली सरकवायचा.

पंगत उठताना मागच्या खुर्चीवरचे एक चाचा काकांजवळ आले. पांढरी टोपी, हातात प्लास्टिकची पिशवी. बाणकोटच्या खाडीकडच्या गावातून एसटीने आले होते. गावाची पाटी झाली हे त्यांनी ऐकलं होतं. "हवालदारसाहेब, एक विचारू? बोटीवरचा माणूस यात बसतो का?" काकांना पटकन उत्तर सुचलं नाही. उद्या आम्ही वेसवीवरूनच जाणार म्हटल्यावर चाचा म्हणाले, मग घरीच या.

रविवार : केळशी, बाणकोट, वेसवी

परत महामार्गाने जायचं नाही असं भावाने जाहीर केलं, त्यामुळे किनाऱ्याकिनाऱ्याने. केळशीजवळ समुद्र मातीच्या रंगाचा. होड्या वर ओढून शाकारलेल्या, पावसाळी बंदी असल्याने जाळी विणायचं काम चाललेलं.

चाचांचं घर खाडीच्या उतारावर, पुढे पडवी, पडवीत झोपाळा. या पट्ट्यातली किती माणसं बोटींवर गेली त्याला मोजदाद नाही. सारंग आणि टंडेल म्हणजे खलाशांचे मुकादम, आणि आगवाले. आगवाला म्हणजे बोटीच्या पोटात भट्टीत कोळसा मारणारा, आणि टॉर्पेडो लागला की वर यायला सर्वांत कमी वेळ असलेला. चाचांचे आजोबा आगवाले होते. दुसऱ्या महायुद्धात बोट बुडाली आणि घरी कंपनीचं पत्र आलं. पत्र गेलं वाळवीत. राहिली ती नोकरीची वही, तीही आधीच्या फेऱ्यांची, कारण शेवटची त्यांच्याबरोबरच गेली. त्या पिशवीत तीच होती. पानं पिवळी, शिक्के जांभळे.

"बंदूक नव्हती हातात," चाचा म्हणाले. "म्हणून विचारलं, बसतो का."

काकांनी वही चष्मा वर-खाली करत पूर्ण पाहिली. मग म्हणाले, बोटी नसत्या तर आमच्या पलटणी बसऱ्याला आणि इटलीला काय पोहत गेल्या असत्या? गुरुजींशी बोलतो. पण गाव तुमचं वेगळं, पाटी आमच्या गावाची, लोक काय म्हणतील ते आत्ता सांगत नाही. चाचांना ते उत्तर चाललं. खोटा होकार दिला असता तर चाललं नसतं, असं मला वाटलं. चाचींनी तांदळाची रोटी आणि नारळाच्या दुधातली कोंबडी केली होती. काकांच्या श्रावणाचं कळल्यावर त्यांच्यासाठी आतून आमरसाची साठवलेली बाटली आली. माझा आणि भावाचा श्रावण त्या पडवीत मोडला.

वेसवीहून बागमांडल्याला गाडीसकट नेणारी फेरीबोट आहे. पलीकडे हरिहरेश्वर, श्रीवर्धन, पुढे दिघीहून आगरदांड्याला दुसरी फेरीबोट. वारा फार असेल तर थांबवतात, तेव्हा निघण्याआधी जेट्टीवर चौकशी करा आणि हातात दोन तास जास्त ठेवा. आम्ही टपरीवर चहा आणि कांदाभजी घेत बसलो. समोर धुक्यात बाणकोटचा किल्ला अर्धा दिसत होता.

तिथे बसून मी शोधलं. दोन्ही युद्धांत बुडालेल्या हिंदी खलाशांची स्मारकं मुंबईतच आहेत, मशीद बंदराजवळच्या खलाशांच्या होममध्ये. दुसऱ्या युद्धाचं स्मारक म्हणजे एक ग्रंथ, नौदल आणि व्यापारी बोटींवरच्या सहा हजारांहून जास्त माणसांच्या नावांचा. चाचांच्या आजोबांचं नाव त्याच आयोगाच्या संकेतस्थळावर टाकलं तर त्याच नावाची माणसं पानंच्या पानं आली. तुम्हीही शोधणार असाल तर बापाचं नाव, गावाचं जुनं इंग्रजी स्पेलिंग आणि पलटण किंवा बोट, यांतलं निदान एक हाताशी ठेवा. आमच्याकडे बोटीचं नाव नव्हतं. वहीच्या शेवटच्या पानावर एक शिक्का होता, पण फोटोत तो नीट येत नव्हता.

काकांनी पुन्हा गाडी मागे घ्यायला लावली. चाचांच्या पडवीत, दाराशी उजेडाला धरून मी त्या शिक्क्याचे फोटो काढले. आता ते काम माझ्याकडे आलंय. होममध्ये जाऊन तो ग्रंथ बघायचा आणि गणपतीत गावी जायच्या आत गुरुजींना कळवायचं. बोट सुटताना काका म्हणाले, "आधी फोन करून जा हां. आमच्या कॅन्टीनसारखं सोमवारी बंद असायचं."